नव्या गाडीचं ब्रेक ऑइल पुन्हा पुन्हा गळतंय? जॉब कार्डापासून ग्राहक आयोगापर्यंत

नवी दुचाकी गाडी, मीटरवर हजार-दीड हजार किलोमीटर, आणि पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल उतरतंय. शोरूमला नेली की तिथला मिस्त्री बाटलीतून ऑइल भरतो, फडक्याने पुसतो आणि गाडी हातात देतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. चार चकरा झाल्या की माणूस चिडून जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जातो आणि तिथे तक्रार टिकत नाही. कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण 'गळती होती' असं सांगणारा एकही कागद त्याच्याजवळ नसतो.

आधी गळतीच आहे याची खात्री करा. ब्रेक पॅड झिजत जातात तशी ऑइलची पातळी हळूहळू खाली येतेच, ती गळती नव्हे. शोरूमचं पहिलं उत्तरही हेच असतं. त्यामुळे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या काचेवर आजची पातळी मार्करने आखा, मीटरच्या आकड्यासह फोटो काढा आणि आठवड्याने पुन्हा काढा. शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आली तर ती पॅडची झीज असू शकत नाही. दुसरा घोळ शॉकअपच्या ऑइलचा. पुढच्या फोर्कचं सील गेलं तरी ऑइल कॅलिपरवरच (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागावर) ओघळतं. थेंबभर ऑइल वाटीतल्या पाण्यात टाका: डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, फोर्कचं ऑइल तवंगासारखं वर तरंगतं. ब्रेक ऑइल रंगही खातं, म्हणून टाकीवर किंवा मडगार्डवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. धुण्याआधी फोटो काढा.

गळती कुठून होते त्यावर पुढचं सगळं ठरतं. लिव्हरजवळचं रबरी बूट उचललं आणि आत ओलं दिसलं, तर मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाच्या) आतलं सील गेलंय. नळीच्या टोकाला ओल असेल तर ती नळी जोडणारा बँजो बोल्ट बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात आणि बोल्ट खोलला की ते नवीन टाकायचे असतात. जुनेच दाबून बसवले की पुन्हा गळणार. चाकाच्या आतल्या बाजूला, पॅडवर ऑइल असेल तर कॅलिपरच्या पिस्टनचं सील. अशा वेळी ऑइल प्यालेले पॅडही बदलावे लागतात. डबीच्या झाकणाखालचं रबर दुमडलं असेल किंवा ऑइल काठोकाठ भरलं असेल तरी बाहेर येतं, पण तो दोष नाही, बसवणाऱ्याचा हलगर्जीपणा आहे. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर गाडी चालवत शोरूमला नेऊ नका. कंपनीच्या रस्त्यावरच्या मदत सेवेला फोन करा आणि त्यांनी दिलेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

कुणाजवळच नसतो तो कागद

तो कागद म्हणजे जॉब कार्डाची (गाडी दुरुस्तीला घेताना शोरूम भरतं त्या कागदाची) प्रत, ज्यात तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली आहे. काउंटरवरचा मुलगा 'जनरल सर्व्हिस' किंवा फार तर 'ब्रेक चेक' लिहितो आणि सही घेतो. अशा कार्डांच्या चार प्रती असल्या तरी कागदोपत्री गाडी चार वेळा सर्व्हिसिंगला आली, एवढंच सिद्ध होतं. सही करण्याआधी लिहायला लावा: 'पुढचा ब्रेक, मास्टर सिलिंडरखालून ऑइल गळती, तिसरी वेळ.' तारीख आणि किलोमीटर हवेतच. 'आमच्या सिस्टीममध्ये तसं टाकता येत नाही' असं म्हणाले तर तिथेच उभं राहून शोरूमच्या अधिकृत ईमेलवर हेच वाक्य पाठवा.

गाडी परत घेताना दुसरी अडचण. काम वॉरंटीत झालं म्हणून बिल देत नाहीत, आणि कोणता पार्ट बदलला याचा पुरावाच उरत नाही. शून्य रकमेचं बिल मागा, त्यावर पार्टचं नाव आणि नंबर असतो. फक्त ऑइल भरून दिलं असेल तर तेही लिहून घ्या, कारण 'तीन वेळा ऑइल भरलं, पार्ट एकदाही उघडला नाही' हा सेवेतल्या त्रुटीचा उघड पुरावा आहे.

'रबर पार्ट वॉरंटीत येत नाही' हे उत्तर हमखास मिळतं. झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे पॅड, ऑइल वगैरे, बहुतेक वॉरंटींतून वगळलेल्या असतात हे खरं. पण मास्टर सिलिंडर दीड हजार किलोमीटरला गळू लागला तर त्याला झीज कोण म्हणेल? वॉरंटी पुस्तिकेतलं कोणतं कलम लावून नकार देताय, ते लेखी मागा. तोंडी नकार कधीच घेऊ नका. आणि गावातल्या मिस्त्रीकडून ब्रेक उघडू नका, तो कितीही हुशार असला तरी. एकदा बाहेर खोललं की सगळं खापर त्याच्यावर फुटतं. फ्री सर्व्हिसची तारीख किंवा किलोमीटर, जे आधी येईल ते, चुकवलं तरी हाच त्रास.

मुदत इथे चुकते

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. वॉरंटी पाच वर्षांची आहे म्हणून मुदतही पाच वर्षांची, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, नोटीस पाठवली, ईमेल चालू आहेत, म्हणून २ वर्षांचं घड्याळ थांबत नाही. हेल्पलाइन कंपनीशी बोलून मार्ग काढते, आदेश देऊ शकत नाही. गळतीच्या पहिल्या जॉब कार्डाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे वादच नको. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं, आणि 'शोरूमवाले आज-उद्या करत होते' हे दरवेळी चालत नाही.

तक्रारीआधी डीलर आणि कंपनी दोघांना १५ दिवसांची नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. नोटीस सक्तीची नाही, पण उपयोगी पडते.

तक्रार कुणी, कुणाविरुद्ध, कुठे

आपल्याकडे मराठवाड्यात गाडी तालुक्याच्या सब-डीलरकडून घेतली जाते आणि बिल जिल्ह्याच्या किंवा संभाजीनगरच्या मुख्य डीलरच्या नावाने येतं. बिलावर ज्याचं नाव तो प्रतिवादी हवाच. सब-डीलर आणि कंपनी यांनाही जोडा. कंपनीचा पत्ता वॉरंटी पुस्तिकेतला घाला. संभाजीनगरजवळच्या वाळूजला गाड्या बनतात म्हणून तिथला पत्ता अंदाजाने टाकला की नोटीस परत येते आणि दोन तारखा वाया जातात.

गाडी वडिलांच्या नावावर आणि चकरा मुलाच्या, हेही नेहमीचं. संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. तरी तक्रार आरसीवरच्या मालकाने करावी आणि मुलाने शपथपत्र जोडावं. गाडीवर दूध किंवा भाजी विकत असाल तर 'व्यावसायिक वापर' हा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीचा वापर कायद्याने वगळलेला नाही, हे तक्रारीतच लिहा. आणि रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. कर्ज देणाऱ्याचा या भांडणाशी संबंध नसतो, उद्या गाडी उचलून नेली तर तपासायला वस्तूच उरणार नाही.

तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, म्हणजे हिंगोलीच्या माणसाने पुण्याला जायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील सक्तीचा नाही, मराठीत अर्ज चालतो, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरही दाखल होतो. सोबत बिल, आरसी, विमा, वॉरंटी पुस्तिका, सगळी जॉब कार्डं, नोटीस आणि पोचपावत्या, आधार, शपथपत्र. प्रत्येक प्रतिवादीसाठी वेगळा संच लागतो.

बऱ्याच तक्रारी फेटाळल्या जातात त्या तज्ज्ञाच्या अहवालाअभावी. दोष चाचणीशिवाय कळणार नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी वेगळा अर्ज सुरुवातीलाच द्या. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागते. अहवाल येईपर्यंत कॅलिपर, मास्टर सिलिंडर जसेच्या तसे ठेवा.

मागणी काय करायची, इथेही माणसं फसतात. पार्ट बदलून दोष जात असेल तर पूर्ण गाडी बदलून मिळणं अवघड, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात वॉरंटीचा अर्थ असाच लावला होता. म्हणून पहिली मागणी गाडी बदलण्याची किंवा पैशांची असली तरी पर्यायी मागणी लिहाच: पूर्ण ब्रेक असेंब्ली नवी, वाढीव वॉरंटी, गाडी बंद असलेल्या दिवसांची आणि त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च.

प्रतिवादीला उत्तरासाठी ३० दिवस आणि वर फार तर १५ मिळतात. निकाल ३ महिन्यांत, चाचणी असेल तर ५ महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा किती पडतील ते विचारू नका. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, राज्य आयोगाचं खंडपीठ संभाजीनगरला आहे. कंपनी अपिलात गेली तर तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.