एका जळलेल्या झेंड्याचा खटला

२२ ऑगस्ट १९८४. डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू होतं, रोनाल्ड रेगन पुन्हा उमेदवार होते. बाहेर शंभरेक निदर्शकांचा मोर्चा. वाटेत एकाने इमारतीबाहेरच्या काठीवरून अमेरिकेचा झेंडा काढला आणि ग्रेगरी ली जॉन्सनच्या हाती दिला. सिटी हॉलसमोर जॉन्सनने त्यावर रॉकेल ओतून काडी लावली. मोर्चा पांगल्यावर बघ्यांपैकी एकाने जळके तुकडे गोळा केले आणि घरी नेऊन परसात पुरले. कुणाला इजा झाली नव्हती. खटला मात्र जॉन्सनवर भरला गेला. शिक्षा वर्षभराची कैद आणि २,००० डॉलर दंड.

गंमत म्हणजे अमेरिकेतले ध्वजविटंबनेचे कायदे आले ते निदर्शकांसाठी नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी आपल्या मालावर सर्रास ध्वज छापू लागले, त्याला आळा घालायचा होता. १९०७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला नेब्रास्काचा खटला चक्क बिअरच्या बाटलीवरच्या ध्वजाचा होता. कायदा टिकला, विक्रेते हरले. व्हिएतनाम युद्धाने या कायद्यांचा रोख फिरवला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ध्वज जाळला गेला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केंद्रीय कायदा केला.

त्याआधी, १९६६ मध्ये, नागरी हक्कांसाठी लढणारे जेम्स मेरेडिथ यांच्यावर गोळी झाडल्याची बातमी रेडिओवर ऐकून ब्रुकलिनच्या सिडनी स्ट्रीट या कृष्णवर्णीय माणसाने घरातला ध्वज चौकात नेऊन पेटवला. सणासुदीला तो स्वतः उभारत असे, तोच ध्वज. १९६९ मध्ये न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, पण ती त्याने त्या वेळी काढलेल्या शब्दांसाठीही झाली असू शकते, या आधारावर. जाळण्याचा प्रश्न शिताफीने टाळला.

हा प्रश्न सुटला २१ जून १९८९ रोजी, जॉन्सनच्या खटल्यात, ५ विरुद्ध ४ मतांनी: निषेध म्हणून ध्वज जाळणं ही अभिव्यक्ती आहे, त्यासाठी शिक्षा करता येणार नाही. तेव्हा ५० पैकी ४८ राज्यांत असे कायदे होते. न्या. ब्रेनन यांच्या निकालातला मला सर्वांत नेमका वाटणारा मुद्दा असा: जीर्ण ध्वज सन्मानाने जाळावा, असं अमेरिकेची ध्वजसंहिताच सांगते. (आपली २००२ ची संहिताही खराब झालेला ध्वज खासगीत, शक्यतो जाळूनच नष्ट करायला सांगते, पण चारचौघांत जाळला तर १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद.) मग शिक्षा आगीला नाही, आगीतून निघणाऱ्या अर्थाला झाली. कट्टर परंपरावादी न्या. स्कॅलिया यांनीही ब्रेनन यांना साथ दिली. अशा लोकांना तुरुंगात टाकायला आपल्याला आवडलं असतं, असं ते नंतर जाहीर भाषणांत सांगत. विरोधात मत देणाऱ्या सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी निकालपत्रात चक्क कविता उद्धृत केली.

काँग्रेस खवळली. त्याच वर्षी नवा कायदा आला. जून १९९० मध्ये न्यायालयात तोही त्याच पाच मतांनी पडला. उरली घटनादुरुस्ती. प्रतिनिधीगृहाने ती अनेकदा मंजूर केली, पण २००६ मध्ये सिनेटमध्ये ६६ मतं पडली, हवी होती ६७.

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ध्वज जाळणाऱ्यांवर कारवाईचा आदेश काढला. निकाल ओलांडता येत नसल्याने त्याचा भर मालमत्तेचं नुकसान, हिंसा, उघड्यावर आग लावणं अशा इतर गुन्ह्यांवर आहे. त्याच दिवशी एका माजी सैनिकाने व्हाइट हाउससमोरच्या उद्यानात ध्वज पेटवला. त्याच्यावर आरोप लागला तो नेमून दिलेल्या जागेबाहेर आग लावल्याचा.