अंतःकरणाची जागल

नागपुरात सदरच्या आसपास राहणाऱ्या ख्रिस्ती घरांमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सोयरीक नवी नाही. साखरपुडा असो की कुणाच्या पुण्यस्मरणाची प्रार्थना, दोन्हीकडची माणसं एका खोलीत बसतात आणि शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणतात. सुरुवातीला सगळ्यांचा सूर एक असतो. शेवटाकडे एका ओळीवर तो फाटतो. ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ असं निम्मे लोक म्हणतात, निम्मे ‘परीक्षेत’च्या जागी ‘मोहात’. लहानपणी मला वाटायचं की कुणीतरी चुकतंय.

चुकत कुणीच नाही. मूळ ग्रीक शब्द ‘पैरास्मॉस’ दोन्ही अर्थ पोटात घेऊन आहे. सोनं कसाला लावतात तशी परखणी, आणि माणसाला खाली ओढणारी भूल. देव स्वतः कुणाला मोहात पाडत नाही, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे. मग ‘मोहात आणू नको’ असं देवाला का म्हणायचं, हा प्रश्न जुनाच. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये या ओळीच्या प्रचलित भाषांतरावर जाहीर नापसंती दाखवली, आणि २०२० पासून इटलीतल्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ती ओळ बदलली. मराठीत दोन अर्थ दोन परंपरांनी आधीच सांभाळून ठेवले होते. मला ही मोठीच देणगी वाटते, कारण परीक्षा आणि मोह यांतला फरक कळला नाही की माणूस मनात नुसता विचार आला तरी स्वतःला पापी ठरवून बसतो.

दुसरा शब्द अंतःकरण. ‘सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे’ (बायबलमधलं नीतिसूत्रे ४:२३). हिब्रूत इथे ‘लेव’ आहे. लेव म्हणजे नुसत्या भावनांचं ठिकाण नव्हे, तिथेच विचार होतो आणि तिथेच निर्णय ठरतो. भाषांतरकारांनी ‘हृदय’ लिहिलं असतं तर अर्थ अर्धाच आला असता. आपल्याकडे अंतःकरण म्हटलं की मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार चारही आले. इतका नेमका शब्द फार थोड्या भाषांना मिळाला असेल.

आता रक्षण. हे नुसतं वाचून मला कधी नीट उमगलं नव्हतं, उमगलं ते काटोलकडच्या आजोबांच्या शेतावर. हरभरा भरात आला की ते रात्री जागलीला जायचे. मचाणावर घोंगडी, खाली शेकोटी, हाताशी रिकामा डबा आणि काठी. रानडुकरांचा कळप एकदा पिकात शिरला की ओरडून काही उपयोग नसतो, सकाळपर्यंत वावर उलटंपालटं झालेलं असतं. म्हणून सगळं लक्ष धुऱ्यावर, शेताच्या बांधावर. धुऱ्याशी पाचोळा वाजला की लगेच डबा बडवायचा.

मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात तिसऱ्या-चौथ्या शतकांत जे ख्रिस्ती संन्यासी गेले, त्यांनी नेमकी हीच विद्या घडवली. अंतोनी हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. जगापासून दूर गेलं की मोह सुटेल असं वाटून पुष्कळ जण गेले, आणि मोह सोबतच आलेला पाहून चकित झाले. त्यांच्यातल्याच इव्हाग्रिअस (निधन ३९९) यांनी या आतल्या हल्ल्यांची यादी केली. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, मरगळ, वृथा प्रतिष्ठा आणि गर्व, असे आठ विचार. आपल्या षड्रिपूंशेजारी ही यादी ठेवून पाहिली तर काम, क्रोध, लोभ, मद लगेच ओळखू येतात. वेगळी दिसते ती मरगळ. इव्हाग्रिअस तिला दुपारचं भूत म्हणतात. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, साधू खोपटाच्या दाराकडे बघत राहतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून डोकावतो, आपली जागा आणि आपलं कामच नको होतं. मे महिन्यात पारा ४५ वर असताना, वीज गेलेली, कूलर बंद, तेव्हा दुपारी तीन वाजता प्रार्थनेला बसून बघा. नागपूरकराला हे भूत वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

महत्त्वाचं म्हणजे इव्हाग्रिअस यांनी ‘पाप’ न म्हणता ‘विचार’ म्हटलं. पुढे सिनाय पर्वतावरच्या योहान क्लिमाकस यांनी पायऱ्या दाखवल्या. आधी विचार दारावर येतो, मग आपण त्याच्याशी बोलू लागतो, मग रुकार देतो, मग बांधले जातो. दारावर येण्यात दोष नाही. यादीही तिकडे पश्चिमेला गेली, आणि पोप ग्रेगरी (५९०–६०४) यांच्या हातून आठाची सात झाली. हीच ती सात महापापं.

पुढचं वळण इग्नेशिअस लोयोला यांचं. ते मूळचे शिपाईगडी. १५४८ साली छापलेल्या त्यांच्या साधनापाठात शत्रू, म्हणजे सैतान, हा किल्ल्याभोवती फिरून कच्ची बाजू शोधणाऱ्या सेनापतीसारखा आहे. सीताबर्डीच्या दोन टेकड्या रोज पाहणाऱ्यांना हे पटावं. १८१७ च्या लढाईत इंग्रजांच्या हातून आधी गेली ती लहान टेकडीच. याच इग्नेशिअस यांच्या जेझुइट संघातले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून झालं.

पण नागपुरापुरतं बोलायचं तर सर्वांत जवळचे संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२). सदरचं कॅथीड्रल त्यांच्याच नावाचं, सेमिनरी हिल्सकडचं कॉलेजही. ते जिनिव्हाचे बिशप, पण राहायचे आनसी गावात. त्याच आनसीत १८३८ मध्ये त्यांच्या नावाचा मिशनरी संघ निघाला, त्यांचे फादर काही वर्षांतच भारतात आले, आणि १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. लोक नाव घेतात, त्यांची शिकवण मात्र फारशी सांगत नाहीत, याची मला खंत वाटते. १६०९ मध्ये त्यांनी संसारी माणसांसाठी भक्तिजीवनावर जे लिहिलं, त्यात मोहाचा खास विचार आहे. लांडगा आणि अस्वल माशीपेक्षा नक्कीच भयंकर, पण रोज छळतात त्या माश्या. खून न करणं सोपं आहे. दिवसभरात बारीकसारीक चिडचिड न करणं अवघड. या माश्यांशी लढत बसू नका, एकेकीला उत्तर देऊ नका, मन ख्रिस्ताच्या क्रुसाकडे वळवा, असं ते सांगतात. मोठा मोह आला तर लेकरू आईबापाकडे धावतं तसं धावा, आणि कुणा जाणत्याला सांगून टाका. लपवलेला मोह वाढतो. वाळवंट सोडून ही शिकवण अशी बाजारात, स्वयंपाकघरात आली.

प्रोटेस्टंट बाजूला भर वचनावर. रानात ४० दिवस उपवास केल्यावर येशूने तिन्ही मोहांना जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या वचनांनीच उत्तर दिलं. म्हणून संडेस्कूलमध्ये वचनं पाठ करून घेतात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे नागपुरात आले, पुढल्या वर्षी शाळा निघाली. पण वचनाची खरी गोष्ट आहे ती रेल्वेच्या डब्यातली. पुढे ख्रिस्ती कवी म्हणून गाजलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे काम करत. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते खिळले. तिथे खुनाचं मूळ रागात आणि व्यभिचाराचं मूळ नजरेत दाखवलं आहे, म्हणजे पहारा थेट धुऱ्यावर नेला आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या घरी रात्रीची प्रार्थना पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातल्या वचनाने संपते. देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, असं पौल कैदेतून लिहितो. ‘राखील’साठी त्याने वापरलेला शब्द फौजी पहाऱ्याचा आहे. नीतिसूत्रांत ‘तू राख’ होतं, इथे राखणारा दुसरा आहे. आजोबांच्या जागलीलाही सोबती असायचा. मध्यरात्र झाली की ते त्याला हलवून उठवत, शेकोटीत एक ओंडका सारत, आणि घोंगडी ओढून निजत.