मराठीतून ख्रिस्ती श्रद्धेची ओळख : चार शतकांची पार्श्वभूमी

‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी गाणारी ओवी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. ती ज्या ‘क्रिस्तपुराणा’त आहे, तो ग्रंथ एका श्रोत्याच्या मागणीतून उभा राहिल्याचे त्याच्या आरंभीच सांगितले आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ग्रंथकर्ते थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे) पाद्री 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य गोव्यातीलच साष्टी भागात गेले. तेथे मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणे वाचायला तुम्ही मनाई केली आहे, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हाला का रचून देत नाही? या प्रश्नामागची परिस्थिती कठोर होती. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, जुन्या ग्रंथांवर बंदी आणली होती, आणि 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले होते. अशा काळात धर्मांतरित झालेल्या माणसांना नव्या श्रद्धेचे नियम तोंडपाठ करून घेतले जात असले, तरी ज्यात मन रमावे अशी कथा त्यांच्यापाशी उरली नव्हती.

स्टीफन्स यांनी ती उणीव सुमारे अकरा हजार ओव्यांनी भरून काढली. 1616 मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाच्या ‘पैले पुराण’ या भागात बायबलच्या जुन्या कराराची, तर ‘दुसरे पुराण’ या भागात येशूच्या चरित्राची कथा येते. माझ्या मते या ग्रंथाचे खरे मोल त्याच्या रचनेत आहे, कारण श्रोते गुरूला मध्येच थांबवून शंका विचारतात आणि गुरू तिचे निरसन करूनच कथा पुढे नेतो. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द वापरायलाही कवी कचरला नाही. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये हे पुराण वाचले जात असे. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि गोव्यातील ही परंपरा क्षीण झाली. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांनी मात्र या पुराणाची हस्तलिखिते जपली, आणि त्यामुळेच 1907 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघू शकली.

दुसरा प्रवाह ब्रिटिश अमलाबरोबर आला. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनने 1811 मध्ये बायबलचा नवा करार (येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीचा भाग) मराठीत छापला, 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, आणि 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक सुरू झाले. या काळातील पुष्कळसे लेखन खंडनमंडनाचे होते. दुसऱ्याच्या धर्मातील दोष दाखवल्याने आपला धर्म कोणाला समजत नाही, आणि म्हणून त्यातले फार थोडे आज वाचवते. हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी झालेले जाहीर वाद त्याला काहीसे अपवाद म्हणावे लागतील, कारण तेथे दोन्ही बाजू लोकांनी समोरासमोर ऐकल्या आणि पुढे त्या छापूनही निघाल्या. त्याच वर्षी ख्रिस्ती झालेले लेखक बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हिंदू विधवांच्या दुःखाला केंद्रस्थानी ठेवून त्यांनी ख्रिस्ती विचार कथेतून मांडला.

प्रश्न विचारण्याचे धैर्य सर्वांत ठळकपणे दिसते ते पंडिता रमाबाईंमध्ये. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी त्रैक्यासारख्या (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मानणाऱ्या) सिद्धान्तांबद्दलच्या आपल्या शंका तेथील जोगीण सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून निःसंकोच कळवल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. चर्चमधील वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. रमाबाईंनी मात्र स्वतः वाचून, पडताळून श्रद्धेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग सोडला नाही, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. अल्पशिक्षित बायकांनाही ते कळावे, हा त्यांचा आग्रह होता. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून 1924 मध्ये ते बायबल बाहेर पडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट वेगळी होती. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्यावर आणि धर्मावर गप्पा मारल्या, नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळक सवयीप्रमाणे पेन्सिलीने खुणा करीत वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत, आणि त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत व कीर्तनांत ओतली. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी तेथे एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. दीड-दोन वर्षांतच त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग रुजू शकला नाही, ही या इतिहासातील मोठी हानी आहे. पतीच्या धर्मांतराने हादरून गेलेल्या आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या घराची जी हकिगत लिहिली, तिच्यातून एखादा माणूस श्रद्धेकडे किती अडखळत जातो हे जितके कळते तितके धर्मशिक्षणाच्या कोणत्याही प्रश्नोत्तरीतून कळत नाही.

कॅथलिक समाजात हे काम नव्याने जोमात आले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जगभरातील धर्माध्यक्षांच्या सभेनंतर. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या या परिषदेने लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली आणि वसईच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली. तेथील ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 2010 मध्ये ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध केले. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि ख्रिस्ती समाजाबाहेरचे मराठी वाचकही त्या निमित्ताने बायबलकडे वळले.