टॉर्पेडो कुशीत लागला की तळाखाली फुटला?

पाणबुडीने युद्धनौका बुडवली की आपण सरसकट ‘टॉर्पेडो (पाण्याखालून धावणारं स्फोटक अस्त्र) लागला’ म्हणतो. प्रत्यक्षात तो दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी मारतो: कुशीवर, म्हणजे नौकेच्या बाजूवर, आदळून, किंवा नौकेला न शिवता तळाखाली फुटून.

पहिल्या तऱ्हेचं उदाहरण जनरल बेलग्रानो. २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडी काँकररने या अर्जेंटिनी क्रूझरवर (मोठ्या युद्धनौकेवर) तीन मार्क ८ टॉर्पेडो सोडले. तारेने दिशा देता येणारे नवे टायगरफिशही जवळ होते, पण त्यांचा भरवसा नव्हता. दोन टॉर्पेडो लागले. एकाने नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग तोडला, दुसरा मागे यंत्रांच्या बाजूला शिरला. वीज गेली, पंप बंद पडले, नौका कलत गेली. सुमारे २० मिनिटांनी ती सोडण्याचा हुकूम निघाला. ३२३ जण गेले. इथे नौका बुडते ती भोकातून शिरलेल्या पाण्याने. म्हणून कप्पे घट्ट बंद असतील आणि पंपांना वीज मिळत राहिली, तर अशा घावातून मोठी नौका वाचूही शकते.

तळाखालच्या स्फोटात भोक दुय्यम. आधी धक्क्याची लाट बसते. मग स्फोटाच्या वायूचा बुडबुडा फुगतो आणि नौकेचा मधला भाग वर उचलतो. बुडबुडा आक्रसला की मधला आधार जातो आणि नौका स्वतःच्याच वजनाने खाली वाकते. शेवटी कोसळत्या बुडबुड्यातून पाण्याचा झोत वर घुसतो. या उलटसुलट वाकण्यात कणा, म्हणजे आपल्या होडीवाल्यांचं पठाण, मोडतो. तुटलेल्या कण्यापुढे पंपांचा काय उपयोग? २६ मार्च २०१० रोजी दक्षिण कोरियाची युद्धनौका चेओनान अशीच दोन तुकडे होऊन बुडाली, ४६ खलाशी गेले. तपास पथकाच्या मते सुमारे २५० किलो स्फोटकाचा उत्तर कोरियाचा टॉर्पेडो ६ ते ९ मीटर खोलीवर फुटला. उत्तर कोरियाने हे नाकारलं.

मग सगळेच तळाखाली का मारत नाहीत? कारण आदळणाऱ्या टॉर्पेडोची खोली नौकेच्या बुडीपेक्षा (तिचा तळ पाण्यात जितका खोल असतो त्यापेक्षा) कमी ठेवली की झालं. दुसऱ्याला तळाखालून जाताना नेमक्या क्षणी फुटावं लागतं. त्यासाठी तो नौकेचं चुंबकीय क्षेत्र ओळखतो, आणि घोळ तिथेच होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे ३ मीटर खाली धावायचा, तर त्याची चुंबकीय कळ (स्फोट घडवणारी यंत्रणा) कधी वेळेआधी फोडायची, कधी फोडायचीच नाही. जून १९४३ मध्ये ती बंद करायला लावली, तेव्हा कळलं की आदळून फुटणारी कळही सदोष आहे: टॉर्पेडो काटकोनात बसला की फटका मारणारी पिन अडकायची, तिरका बसला तर फुटायचा! नेमबाजी जितकी अचूक, तितका टॉर्पेडो फुसका.

आपली युद्धनौका खुक्री कोणत्या रकान्यात घालायची? ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हँगोरने ती काही मिनिटांत बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. टॉर्पेडो दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटला, असं हँगोरचे कमांडर अहमद तस्नीम यांचं म्हणणं. तसं असेल, तर कोठारातला दारूगोळाही फुटला असू शकतो, आणि इतक्या झटपट बुडण्याचं श्रेय एकट्या बुडबुड्याला देता येत नाही.

खात्री अवशेषच देतात. चेओनानचा तळ वरच्या दिशेने वाकलेला होता आणि तुटलेल्या तारांवर जळल्याची खूण नव्हती, म्हणजे घाव तळाखालून आला होता, आतल्या आगीचा नव्हता.