टप्प्याटप्प्याने फ्रेमवर्क स्थलांतर

चालू वेब अ‍ॅप्लिकेशन बंद न ठेवता त्याचा एकेक भाग जुन्या फ्रेमवर्कमधून (ज्यावर तो उभारतात त्या तयार सांगाड्यातून) नव्यात नेण्याची पद्धत. सगळा कोड नव्याने लिहून एका रात्रीत अदलाबदल करण्याला हा पर्याय. तशा पुनर्लेखनाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण ब्राउझरचे आहे. नेटस्केपने जुना कोड बाजूला ठेवून नवा लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही आणि २००० च्या अखेरीस सहावी आली, तोवर प्रतिस्पर्धी इंटरनेट एक्सप्लोरर पुढे निघून गेला होता.

या पद्धतीला ‘स्ट्रँगलर’ (गळा आवळणारा) हे नाव सॉफ्टवेअरविषयी लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये दिले. क्वीन्सलंडच्या वर्षावनात त्यांनी वड-उंबराच्या कुळातली अशी झाडे पाहिली होती, ज्यांचे बी दुसऱ्या झाडावर रुजते, मुळे जमिनीपर्यंत उतरतात आणि आधाराचे झाड हळूहळू मरते. नाव क्रूर, पण चपखल.

जुन्या आणि नव्या अ‍ॅप्लिकेशनपुढे इंजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे येणारी प्रत्येक विनंती आधी स्वतःकडे घेणारा मधला सर्व्हर, बसवतात. यूआरएल पाहून तो विनंती कुणाकडे धाडायची ते ठरवतो. सुरुवात शक्यतो केवळ वाचायच्या पानापासून करतात. काही बिनसले तर कॉन्फिगरेशनमधली ओळ पूर्ववत केली की वाहतूक जुन्याकडे वळते. पद्धतीचा खरा फायदा हाच.

पाने हलवणे त्या मानाने सोपे. घाम निघतो तो दोघांच्या सामाईक गोष्टींत. सेशन म्हणजे कोण लॉगिन आहे यासारखी सर्व्हरने ठेवलेली नोंद. पीएचपी ही भाषा तिचा मजकूर सहसा सर्व्हरवरच्या फायलीत आपल्या पद्धतीने लिहिते, तर जँगो हे पायथनचे फ्रेमवर्क मुळात तो डेटाबेसच्या टेबलात ठेवते. त्यामुळे जुन्या पानावर लॉगिन केलेला वापरकर्ता नव्या पानावर गेला की पुन्हा पासवर्ड मागितला जातो. उपाय म्हणजे दोघांना वाचता येईल असे सामाईक सेशन, किंवा लॉगिनसाठी वेगळी सेवा. पासवर्डचे हॅशही (साठवायची सांकेतिक रूपे) वेगळ्या पद्धतीचे असू शकतात. ते उलगडता येत नाहीत, म्हणून पुढच्या लॉगिनला जुन्या पद्धतीने पडताळून तेव्हाच नव्या पद्धतीने साठवतात.

डेटाबेस बहुधा एकच राहतो. त्याच्या रचनेत बदल करण्याचा अधिकार मात्र एकाच फ्रेमवर्ककडे हवा. दोन्हींची मायग्रेशन साधने, म्हणजे ही रचना बदलणारी साधने, त्याच टेबलांवर चालवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. जुना कोड वाचत असलेल्या कॉलमचे नावही तो कोड बंद होईपर्यंत बदलता येत नाही.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडसाठीही असे पूल असतात. अँग्युलरच्या ‘एनजी-अपग्रेड’मुळे अँग्युलर-जेएस ही जुनी पिढी आणि नवे अँग्युलर एकाच पानात नांदू शकतात. किंमत म्हणून वापरकर्त्याला दोन्ही फ्रेमवर्कचा कोड डाउनलोड करावा लागतो.

बरीच स्थलांतरे शेवटच्या थोड्या भागांशी अडकतात: कुणी हात न लावलेला अहवाल, रात्री ठरल्या वेळी आपोआप चालणारे क्रॉन जॉब. जुने अ‍ॅप्लिकेशन बंद करण्याआधी त्याचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, पाहतात, पण महिनाभराची शांतता पुरेशी नसते. वार्षिक अहवालाची विनंती वर्षातून एकदाच येते.