फौजेतून पेन्शनीवर येताना हिशेब कसा होतो? जवान आणि जेसीओंसाठी माहिती

गावात कोणी फौजेतून पेन्शनीवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती मिळाले?" एका आकड्यात त्याचं उत्तर देता येत नाही. पेन्शन, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून एकदम घेतलेले पैसे), ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, एएफपीपी फंड (फौजेतला भविष्य निर्वाह निधी) आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्स अशी वेगवेगळी खाती असतात आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा.

आधी पात्रता. जवान व जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) पेन्शनसाठी किमान 15 वर्षांची पात्र सेवा लागते, अधिकाऱ्यांना 20. पंधरा भरली नाहीत तर पेन्शनऐवजी एकरकमी सर्व्हिस ग्रॅच्युइटी मिळते. अग्निवीरांना यातलं काहीच लागू नाही. त्यांना पेन्शनही नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. चार वर्षांनी सेवा निधी मिळतो. त्यात स्वतःच्या पगारातून कापलेले 5.02 लाख, तेवढीच सरकारची भर आणि वर व्याज असतं.

आता आकडे. समजा एका हवालदाराचा शेवटचा मूळ पगार 40,400 आहे. त्यात मिलिटरी सर्व्हिस पे 5,200 मिळवा, झाले 45,600. एक्स ग्रुप पे (तांत्रिक ट्रेडचा जादा पगार) मिळत असेल तर तोही यात धरतात. महागाई भत्ता मात्र इथे धरत नाहीत, आणि बहुतेकांचा घरगुती हिशेब इथेच चुकतो. पेन्शन याच्या निम्मी, म्हणजे 22,800. पूर्वी पूर्ण पेन्शनसाठी 33 वर्षांच्या सेवेची अट होती. ती 2006 पासून गेली, त्यामुळे पंधरा वर्षं भरलेल्यालाही पन्नास टक्केच मिळतात.

ग्रॅच्युइटी आणि रजेच्या पैशांत महागाई भत्ता धरला जातो. सोयीसाठी तो 50 टक्के धरू, म्हणजे पाया 68,400 होतो. ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहामाहीला याच्या एक चतुर्थांश, म्हणजे 17,100. शेवटी तीन महिने किंवा जास्त उरत असतील तर त्यांची एक सहामाही धरतात. कमाल मर्यादा साडेसोळा पगारांची आणि 1 जानेवारी 2024 पासून 25 लाख रुपयांची. रजा जास्तीत जास्त 300 दिवसांची विकता येते. पूर्ण तीनशे शिल्लक असतील तर 6,84,000. घरभाडे भत्ता यात येत नाही.

कम्युटेशनवर पारावर सगळ्यात जास्त वाद होतात. फौजेत पेन्शनचा निम्मा भाग विकता येतो, सिव्हिलमध्ये चाळीस टक्केच. आपल्या हवालदाराचा पुढचा वाढदिवस चाळिसावा असेल तर वयानुसार ठरलेल्या सरकारी तक्त्यातला गुणक 9.090. म्हणून 11,400 गुणिले 12 गुणिले 9.090, म्हणजे 12,43,512 रुपये एकदम. बदल्यात 15 वर्षं दरमहा 11,400 कापले जातात, ते एकूण 20,52,000 होतात. हे कर्जच आहे, असं म्हणणारे चूक नाहीत. पण दोन गोष्टी ते विसरतात. महागाई सवलत (पेन्शनवरचा महागाई भत्ता) कापलेल्या पेन्शनवर नाही, मूळ 22,800 वर मिळते. आणि मधेच काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या फॅमिली पेन्शनमधून ही कपात होत नाही. घर बांधायचं असेल, मुलीची फी भरायची असेल तर घ्यावं असं माझं मत. नवी गाडी घेण्यासाठी घेऊ नये. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर मेडिकल लागत नाही, मात्र पेन्शनच्या कागदांसोबतच तो देऊन मोकळं व्हावं.

कागदांमध्ये पतीपत्नीचा संयुक्त फोटो, दोघांचं आधार, पॅन, बँक पासबुक, नॉमिनेशन आणि मुलांच्या जन्मतारखा लागतात. खरी अडचण पार्ट टू ऑर्डरची, म्हणजे लग्न, मुलं, नाव अशा बदलांच्या रेकॉर्डमधल्या अधिकृत नोंदीची असते. लग्नानंतर पत्नीचं नाव बदललं, आधारवर 'सुनिता' आणि रेकॉर्डमध्ये माहेरचं 'सुनंदा', तर आज ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे फॅमिली पेन्शन मात्र तिथेच अडते. युनिटमध्ये असतानाच क्लार्ककडून शीट रोल (सेवेच्या आणि कुटुंबाच्या नोंदींचा कागद) काढून घ्या आणि एकेक अक्षर तपासा. घरी आल्यावर त्याच दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो, मग ते मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं असो, तोफखान्याचं नाशिकरोडचं किंवा बॉम्बे सॅपर्सचं खडकीचं.

प्रकरण युनिटकडून रेकॉर्ड ऑफिसकडे जातं. पीएओ (पगाराचं लेखा कार्यालय) पगाराचं अंतिम खातं काढतं आणि आर्मीचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयातून (संरक्षण लेखा विभागाचं) 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर निघतो. अंतिम खात्यात डेबिटचा रकाना नीट बघा. जास्त दिले गेलेले भत्ते तिथून वळते होतात, आणि कारण लिहिलेलं नसेल तर लेखी विचारायचा हक्क आहे. पीपीओ आल्यावर रँक, ग्रुप, सेवाकाल, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख ताडून पाहा.

सरकारी सेवेतली ग्रॅच्युइटी, कम्युटेशन आणि रजेची रक्कम करमुक्त आहे, दरमहाची पेन्शन नाही. ईसीएचएसची (माजी सैनिकांची आरोग्य योजना) एकवेळची वर्गणी हवालदारापर्यंत 30,000 रुपये, जेसीओंना 67,000. गावी आल्यावर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा. हयातीचा दाखला मात्र दरवर्षी लागतो. तो जीवन प्रमाणवरून मोबाइलवरही देता येतो.