वार चुकला, की चिलखताने अडवला?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा साहसखेळ. तो खेळायला बसलेल्या नवख्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. अंगावर जड चिलखत चढवलेला योद्धा खरे तर मंद व्हायला हवा. मग त्याला वार लागणेच अवघड का होते? चिलखताने जखम हलकी व्हावी, नेम कसा चुकावा? हा नियम कोणी विचारपूर्वक आखलेला नाही, तो एका जुन्या कोष्टकातून वारशाने आलेला आहे.

गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियमपुस्तक १९७१ साली निघाले. त्यात दोन सैनिकांच्या समोरासमोरच्या लढाईसाठी एक कोष्टक होते. एका बाजूला शस्त्रे, दुसऱ्या बाजूला चिलखतांचे प्रकार, आणि दोन फाशांची बेरीज तिथल्या आकड्याला पोहोचली की समोरचा सैनिक ठार. उघड्या अंगावर चालणारा खंजीर पोलादी पत्र्याच्या चिलखतापुढे जवळजवळ निरुपयोगी ठरे. सैनिक जिवंत तरी असे किंवा मेलेला तरी. जखमी अशी अवस्थाच नसल्यामुळे वार हुकला की चिलखतावरून घसरला, हा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला डेव्ह अर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात. तिथे प्रत्येक खेळाडूचे एकच पात्र असे आणि त्याच्यात जीव गुंतलेला असे, त्यामुळे फाशाच्या एका दानात ते गमावणे कोणालाच रुचेना. अर्नेसन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांनी यावर आरमारी युद्धखेळांतला तोडगा उचलला : जहाज जसे अनेक मारे सोसून मग बुडते, तसे पात्रालाही हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येईल याचे अंक, दिले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हे हिट पॉइंट आले, पण चिलखताचे काम मात्र जुन्या कोष्टकातलेच राहिले. चिलखत नसेल तर आर्मर क्लास (चिलखताच्या संरक्षणाचा आकडा) ९, पत्र्याचे चिलखत आणि ढाल असेल तर २, आणि हा आकडा जितका कमी तितका वीस बाजूंच्या फाशावर वार लागणे कठीण. गमतीचा भाग असा की ही पद्धत पुस्तकात ‘पर्यायी’ म्हणून दिली होती; पुढे तीच मुख्य झाली.

शस्त्रांची स्थिती तर आणखी विचित्र होती. खंजीर असो वा दोन्ही हातांनी पेलायची तलवार, इजा सहा बाजूंच्या एकाच फाशाने ठरे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा दिला आणि शस्त्र विरुद्ध चिलखत असा हिशेबही परत आणला. त्यातला पहिला बदल टिकला. दुसरा मात्र दर वाराला कोष्टक उघडायला लावणारा असल्याने पुष्कळ टेबलांवर बाजूलाच पडला.

मूळ खटकणाऱ्या गोष्टीवर इतरांनी लवकरच उपाय शोधला. १९७५ मध्येच केन सेंट आंद्रे यांच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ने चिलखताला इजा शोषण्याचे काम दिले. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने हात, पाय, डोके यांचे हिट पॉइंट वेगळे केले आणि प्रत्येक अवयवावरील चिलखत तिथली इजा तेवढ्या अंकांनी कमी करू लागले. मध्ययुगीन लढाईचा प्रत्यक्ष सराव करणाऱ्या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेले स्टीव्ह पेरिन हे त्याच्या कर्त्यांपैकी, आणि वार परतवण्याला त्या नियमांत मिळालेले महत्त्व पाहता हा अनुभव लपत नाही. १९८६ च्या ‘गर्प्स’ने तर चिलखत भेदून आत गेलेल्या भोसकण्याच्या इजेची दुप्पट आणि कापण्याच्या इजेची दीडपट केली. माझ्या मते शस्त्रांचा स्वभाव इतक्या थोड्या गणितात क्वचितच कोणी पकडला असेल. तरीही दर वाराला एक वजाबाकी वाढतेच, आणि मोठ्या लढाईत ती जाणवते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने जुनी चाल सोडली नाही. २००० साली आर्मर क्लासची दिशा उलटून मोठा आकडा चांगला झाला, एवढेच. २०१४ च्या आवृत्तीत पत्र्याच्या चिलखताला आर्मर क्लास १८ मिळतो आणि पात्राच्या चपळाईचे त्यात काहीच मिळत नाही. चामडी चिलखताला ११ आणि त्यावर चपळाईची पूर्ण भर. चुकवणे आणि अडवणे दोन्ही त्या एकाच आकड्यात मिसळलेले आहेत, आणि हुकलेला वार हवेत गेला की पोलादावर खणखणला, हे आजही खेळ चालवणाऱ्यानेच सांगायचे असते.